फायलीमागची शिस्त : देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचा एक इतिहास

संस्थेचा इतिहास म्हटला की इमारत कधी झाली, संचालक कोण कोण होते, किती विद्यार्थी शिकून बाहेर पडले आणि किती अहवाल छापले, याची जंत्री करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची, म्हणजे सगळे जिला आयआयपीएस म्हणतात तिची, अशी जंत्री करणे अवघड नाही. 1956 साली सुरू झालेल्या या संस्थेला आता सत्तर वर्षे होत आहेत आणि एवढ्या काळात सांगण्यासारखे पुष्कळ घडले आहे. या लेखात त्यातले बरेचसे गाळले आहे, कारण माझ्या मते या संस्थेच्या कामाचा कणा वेगळ्याच ठिकाणी आहे. भारतातल्या कुटुंबांच्या आरोग्याविषयी गोळा केलेला तपशील तिने केवळ तक्त्यांच्या रूपात छापला नाही. घरनिहाय आणि व्यक्तिनिहाय नोंदी, नावगाव काढून, कोणत्याही अभ्यासकाला मागता येतील आणि वापरता येतील अशा ठेवल्या. अहवाल पाच-दहा वर्षांत जुने झाले. नोंदी जुन्या झाल्या नाहीत, कारण त्यांना दर काही वर्षांनी कुणीतरी नवा प्रश्न विचारत राहिले. हे आपोआप घडलेले नाही. डेटा खुला करणे म्हणजे काम संपल्यावर फाइल संकेतस्थळावर चढवणे, असा समज सर्वत्र आहे. संस्थेचा इतिहास नीट पाहिला तर दिसते ते असे की डेटा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल की नाही, हे प्रश्नावली लिहिली जाते तेव्हाच ठरून जाते.

जुलै 1956 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या एकत्रित आधाराने ‘डेमोग्राफिक ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर’ या नावाने संस्थेची सुरुवात झाली. आशिया आणि पॅसिफिक भागातल्या देशांसाठी लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण हा तिचा मूळ हेतू. 1970 मध्ये नाव बदलले, 1985 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा आणि आजचे नाव मिळाले. या क्षेत्रात महाराष्ट्राची पाटी कोरी नव्हती. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन आणि मृत्यू यांची पाहणी करून 1953 मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. देशात इतरत्रही संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने म्हैसूरची लोकसंख्या पाहणी झाली होती. हे सारे काम अव्वल दर्जाचे होते. परंतु वाचकाच्या हाती त्यातून यायचे ते तक्ते. तक्ता म्हणजे पाहणी करणाऱ्याने स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. ज्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याला त्या तक्त्यातून मागे वळून मूळ घरापर्यंत जाता येत नाही. यात कुणाचा दोष नव्हता. कागद, छिद्रित पत्रे आणि हातगणती यांच्या काळात हजारो कुटुंबांच्या नोंदी दुसऱ्याला देण्याचे साधनच नव्हते.

तरीही व्यक्तिनिहाय नोंदीचे महत्त्व या संस्थेशी जोडल्या गेलेल्या एका माणसाला फार आधी कळले होते. सी. चंद्रशेखरन पुढे या संस्थेचे संचालक झाले. त्यांनी आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या माहितीवरून एक पद्धत मांडली. जन्म-मृत्यूंची एक यादी निबंधकाकडची आणि दुसरी घरोघरी फिरून केलेली. दोन्ही याद्या नोंदीगणिक जुळवायच्या. पहिलीत असून दुसरीत नसलेल्या आणि दुसरीत असून पहिलीत नसलेल्या नोंदींचा गुणाकार करून दोन्हींत सापडलेल्या नोंदींनी भागले, की दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या घटनांचा अंदाज येतो. ही पद्धत आजही जगभर शिकवतात. तिची अट मात्र सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही याद्यांच्या नुसत्या बेरजा हातात असून भागत नाही. एकेक नोंद समोर असावी लागते. एकूण आकडा कितीही अचूक असला तरी त्यातून काय सुटले आहे हे तो स्वतः सांगू शकत नाही. नोंदींची जुळणी करता आली तरच ते कळते.

1970 च्या दशकात जागतिक प्रजनन सर्वेक्षण झाले तेव्हा भारत त्यात सहभागी नव्हता. म्हणून 1992-93 चे पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हा खरा सांधा ठरला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने समन्वयाचे काम आयआयपीएसकडे सोपवले, पैसा अमेरिकेच्या यूएसएआयडीचा होता, तांत्रिक साहाय्य मॅक्रो इंटरनॅशनल आणि हवाईचे ईस्ट-वेस्ट सेंटर यांचे. राज्याराज्यांतली लोकसंख्या संशोधन केंद्रे आणि क्षेत्रकाम करणाऱ्या संस्था यांना सोबत घेऊन 89,777 विवाहित स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. या फेरीत घेतलेला एक निर्णय त्या वेळी तांत्रिक वाटला असेल, पण त्याचे परिणाम अजून चालू आहेत. प्रश्नावली भारतासाठी नव्याने रचण्याऐवजी 1984 पासून अनेक देशांत सुरू असलेल्या डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे कार्यक्रमाच्या साच्यावर बेतली गेली. त्यात भारतीय प्रश्नांची भर पडली, परंतु गाभ्याचे प्रश्न, त्यांचा क्रम, उत्तरांचे संकेतांक आणि फायलींची बांधणी तशीच राहिली. आपल्या देशाचे वेगळेपण जपायचे तर साचाही आपला हवा, हा मोह अशा वेळी मोठा असतो. तो टाळला म्हणून बिहारमधल्या बाळाची उंची आणि घानामधल्या बाळाची उंची एकाच रकान्यात, एकाच नावाने सापडते. पुढे 1998-99, 2005-06, 2015-16 आणि 2019-21 अशा फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीचे क्षेत्रकाम 2023-24 मध्ये झाले. पाचव्या फेरीत 6,36,699 कुटुंबे आणि 7,24,115 स्त्रिया होत्या. नमुना आठपटीने वाढला, कागदी प्रश्नावलीची जागा छोट्या संगणकांनी घेतली, तरी रकान्यांची नावे फारशी बदलली नाहीत.

एक फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिली तर या शिस्तीचा अर्थ ध्यानात येतो. पाच वर्षांखालच्या मुलांची फाइल घ्या. प्रत्येक मूल म्हणजे एक ओळ. व्ही001 या रकान्यात वस्तीचा क्रमांक, व्ही002 मध्ये घराचा, व्ही003 मध्ये आईचा. या तीन क्रमांकांनी मुलाची ओळ आईच्या ओळीशी आणि आईची ओळ घराच्या ओळीशी जोडता येते. म्हणजे मुलाचे वजन, आईचे हिमोग्लोबिन आणि घरातला संडास एकत्र मांडता येतात. व्ही005 मध्ये भारांक असतो. लहान राज्यांतून प्रमाणापेक्षा जास्त घरे निवडलेली असल्यामुळे देशाची सरासरी काढताना त्यांचे वजन कमी धरावे लागते. हा भारांक पूर्णांकात साठवलेला असतो, म्हणून त्याला दहा लाखांनी भागायचे. वयाच्या मानाने उंची किती, हे एचडब्ल्यू70 मध्ये असते, शंभराने गुणलेले. उणे 200 च्या खाली असेल तर मुलाची वाढ खुंटलेली. आणि जिथे मोजमापच संशयास्पद वाटले तिथे 9998 लिहिलेले असते. हे कोडबुक न वाचता कुणी सरळ सरासरी काढली, तर भारतातली मुले जगात सर्वांत उंच निघतील. म्हणूनच कोडबुक, नमुन्याची पद्धत आणि प्रश्नावली फायलीसोबत देणे हे सौजन्य नसून फायलीचाच भाग आहे. ज्या सरकारी किंवा रुग्णालयीन डेटासोबत हे तिन्ही नसते, तो कागदोपत्री खुला असला तरी बंदच असतो. मागणारा फाइल घेऊन जातो आणि रकाना क्रमांक 47 म्हणजे काय हे विचारायला कुणी उरलेले नसते.

या शिस्तीतून काय हाती आले, याची दोन उदाहरणे थोडी सविस्तर सांगतो. भारतातल्या स्त्रिया गरोदर राहतात तेव्हा त्यांचे वजन किती असते, हा बाळाच्या आरोग्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. सर्वेक्षणात तो विचारलेला नव्हता, विचारता येण्यासारखाही नव्हता. दिवस राहण्याच्या आधीच्या आठवड्यात कुणी वजन करत फिरत नाही. डायेन कॉफी या अभ्यासिकेने तिसऱ्या फेरीच्या नोंदी घेतल्या. गरोदर स्त्रियांचे वय, शिक्षण, आधीची मुले इत्यादी पाहून, गरोदर नसलेल्या स्त्रियांमधून त्यांच्यासारख्या स्त्रियांना जास्त भार दिला आणि त्यावरून गरोदरपणाआधीच्या वजनाचा अंदाज बांधला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते की भारतात दिवस राहण्याच्या वेळी 42.2 टक्के स्त्रियांचे वजन कमी असते आणि हे प्रमाण आफ्रिकेच्या सहारापलीकडील देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्यांनी 2005-06 मध्ये गावोगाव वजनकाटे वाहून नेले, त्यांच्या मनात हा प्रश्न नव्हता. उत्तर मात्र त्यांच्याच नोंदींत होते. दुसरे उदाहरण सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांचे. भारतीय मुले त्यांच्याहून गरीब आफ्रिकी देशांतल्या मुलांपेक्षा ठेंगणी का, हा जुना वाद. आनुवंशिकतेकडे बोट दाखवून तो मिटवण्याकडे अनेकांचा कल होता. या दोघींनी तिसऱ्या फेरीतील भारतीय मुले आणि 25 आफ्रिकी देशांच्या सर्वेक्षणांतील मुले एकत्र घेतली, जन्मक्रमानुसार लावली. पहिल्या अपत्यात भारताची पिछाडी नव्हतीच. ती दुसऱ्या अपत्यापासून सुरू होऊन पुढे वाढत गेली. आनुवंशिकतेचे कारण पहिल्या मुलाला सोडून दुसऱ्यापासून लागू होत नाही. घरात थोरल्या मुलाला मिळणारा वाटा आणि मुलगा होईपर्यंत वाढत जाणारे कुटुंब, इकडे बोट वळले. 1992 मध्ये साचा वेगळा केला असता तर ही तुलना करताच आली नसती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 2012 मध्ये याच संस्थेने युनिसेफच्या सहकार्याने राज्याची सर्वंकष पोषण पाहणी केली. दोन वर्षांखालच्या मुलांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर आल्याचे तिने दाखवले. ही तुलना करता आली, कारण आधीच्या फेरीतून नेमक्या त्याच वयाची मुले वेगळी काढता येत होती. राज्यात पोषणाच्या कामाला बळ मिळाले ते अशा आकड्यांमुळे. त्याच राज्यात पाच वर्षांखालच्या मुलांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण चौथ्या फेरीत 34.4 आणि पाचव्या फेरीत 35.2 टक्के, म्हणजे जागच्या जागी, हेही याच नोंदींनी सांगितले. चांगली बातमी आणि वाईट बातमी एकाच मापाने मोजलेली असली की दोन्हींवर विश्वास ठेवता येतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप खासगीपणाचा. एखाद्या स्त्रीने गर्भपाताविषयी, नवऱ्याच्या मारहाणीविषयी सांगितले ते अन्वेषिकेवर विश्वास ठेवून; ते कुणा अनोळखी संशोधकाच्या संगणकावर जावे का? हा प्रश्न कायद्याच्या एका कलमाने मिटत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत आहे, पण सवलत असणे म्हणजे जबाबदारी संपणे नव्हे. सर्वेक्षणाने इथे काय केले ते पाहावे. खुल्या फायलीत नाव, पत्ता, गाव यांपैकी काहीच नसते. चौथ्या फेरीपासून वस्त्यांचे भौगोलिक स्थान दिले जाते, पण मुद्दाम सरकवून: शहरी वस्ती दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण वस्ती पाच किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण वस्त्यांपैकी एक टक्का दहा किलोमीटरपर्यंत. जिथून सुमारे 22 घरे निवडली ती वस्ती नेमकी कुठली, हे नकाशावरून सांगता येत नाही. पाऊस किंवा दवाखान्याचे अंतर जोडून अभ्यास मात्र करता येतो. तिसऱ्या फेरीत एचआयव्हीसाठी एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. त्यासाठी वेगळी संमती घेतली, थेंबांच्या कागदावर फक्त बारकोड लावला आणि निकाल माणसाच्या नावापर्यंत माघारी जाणार नाही अशी व्यवस्था ठेवली. या तपासणीत 15 ते 49 वयोगटात 0.28 टक्के प्रमाण निघाले. त्याआधी देशात सुमारे 57 लाख बाधित असल्याचा अंदाज जगभर फिरत होता. तो मुख्यतः प्रसूतिपूर्व आणि गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्यांवरून काढलेला होता. जुलै 2007 मध्ये नवा अंदाज जाहीर झाला, सुमारे 25 लाख. खासगीपणा जपण्यासाठी नोंदी कुलूपबंद ठेवणे हा एकच मार्ग असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण तपासावे. कष्ट घेतले तर गुपित राखूनही माहिती वापरता येते. कष्ट घ्यायचे नसतील तर मात्र खासगीपणाचे कारण फार सोयीचे पडते, आणि आपल्याकडे अनेक कचेऱ्यांत ते तसेच पुढे केले जाते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि त्याच्याशी माझी बरीच सहमती आहे. उन्हातान्हात घरे शोधत हिंडायचे अन्वेषिकांनी, बाळाला उंचीच्या फळीवर धरायचे त्यांनी, दार बंद झाले तर पुन्हा जायचे त्यांनी. आणि परदेशातल्या विद्यापीठात बसून फाइल उतरवून घेणाऱ्याने निबंध लिहायचा. नाव त्याचे, पदोन्नती त्याची. वर दिलेली उदाहरणे परदेशी विद्यापीठांत काम करणाऱ्यांची आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. यावर डेटा रोखून धरणे हा उपाय सुचवला जातो. त्याने कुणाचे भले होते ते पाहिले पाहिजे. फाइल बंद केली तर बोस्टनच्या प्राध्यापकाचे फारसे अडत नाही. त्याच्याकडे दुसऱ्या देशांचा डेटा असतो, ओळखी असतात, पैसा असतो. अडते ते नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीचे, जिला स्वतःची पाहणी करायला निधी मिळणार नाही आणि जिच्यासाठी विनामूल्य मिळणारी ही फाइल हेच एकमेव साधन आहे. खुलेपणाचा लाभ आधीच सबळ असलेल्याला आधी मिळतो, हे खरे. त्यावर उतारा शिकवण्याचा आहे. देवनारच्या वर्गांतून आणि कार्यशाळांतून ही फाइल वाचायला शिकलेले लोक देशभरच्या विद्यापीठांत आहेत. हे काम आणखी खोलवर, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागापर्यंत जायला हवे होते, तेवढे ते गेलेले नाही. आणि अन्वेषिकांचे काय? त्यांच्या श्रमाची नोंद अहवालाच्या ऋणनिर्देशात एका ओळीत होते. डेटा वापरणाऱ्या प्रत्येक निबंधात पाहणी करणाऱ्यांचा स्पष्ट निर्देश बंधनकारक असावा, कंत्राटी क्षेत्रकामाचे दर सुधारावेत, या मागण्या रास्त आहेत. त्या खुलेपणाच्या विरोधात जात नाहीत. ज्या नोंदी हजारो लोक वापरणार आहेत, त्या गोळा करणाऱ्याला चांगले मानधन देण्याचे कारण तर अधिकच सबळ होते.

तिसरा आक्षेप असा की खुली फाइल कुणाच्याही हाती पडते आणि अर्धवट वाचनाने अनर्थ होतो. पाचव्या फेरीच्या वेळी तसे झालेही. दर 1,000 पुरुषांमागे 1,020 स्त्रिया, हा आकडा मथळ्यांत झळकला आणि देशात स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त झाल्याचे जाहीर झाले. हा आकडा पाहणीच्या आदल्या रात्री त्या घरी मुक्कामाला असलेल्या माणसांचा आहे. कामासाठी दूर गेलेले, वसतिगृहात किंवा छावणीत राहणारे पुरुष त्यात येत नाहीत. त्याच पाहणीत गेल्या पाच वर्षांतील जन्मांचे गुणोत्तर दर 1,000 मुलग्यांमागे 929 मुली असे होते, म्हणजे मुलगी नकोशी असण्याची खूण कायमच होती. चूक झाली ती एका ओळीचे पत्रक वाचून. ती दुरुस्त करता आली, कारण त्या आकड्यामागची व्याख्या आणि नोंदी ज्याला तपासायच्या त्याला तपासता येत होत्या. 2023 मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेतील सदस्यांनी या आणि अशा इतर सर्वेक्षणांच्या नमुना पद्धतीवर टीका केली. जुन्या जनगणनेवर बेतल्यामुळे ग्रामीण भाग जास्त येतो आणि देशाची प्रगती कमी दिसते, असे त्यांचे म्हणणे. संख्याशास्त्रज्ञांनी भारांक आणि नमुना चौकट यांच्या आधारे उत्तरे दिली. वादात कोण किती बरोबर, हे बाजूला ठेवू. बंद डेटावर असा वाद होऊच शकत नाही. तिथे एका बाजूला सरकारचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला संशय एवढेच उरते. रक्तक्षयाच्या आकड्यांचेही तसेच. बोटातून घेतलेल्या रक्ताचे मोजमाप शिरेतल्या रक्ताच्या मोजमापाशी किती जुळते, हा प्रश्न गंभीर आहे, आणि तो एवढ्या ताकदीने विचारला गेला कारण मोजमापे सर्वांसमोर होती.

डेटा मिळणे आणि डेटा सापडणे यांत फरक आहे, आणि इथे संस्थेचे काम अपुरे आहे असे मला वाटते. एक उदाहरण आपल्या घरचेच. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. चौथ्या फेरीची जिल्ह्यांची यादी 2011 च्या जनगणनेची होती, म्हणून तिच्यात पालघर नाही. त्या फेरीतले ठाणे म्हणजे मुंब्रा-कल्याणपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतचे ठाणे. पाचव्या फेरीत पालघर स्वतंत्र आहे. दोन्ही फेऱ्यांची जिल्हा पत्रके शेजारी ठेवून ठाण्यातले कुपोषण किती घटले असे कुणी लिहिले, तर जव्हार-मोखाडा वजा झाल्याचा परिणाम प्रगती म्हणून मोजला जाईल. खबरदारी घेणारा अभ्यासक वस्त्यांच्या स्थानांवरून जुने ठाणे नव्या हद्दींनी कापून पाहू शकतो. मात्र तसे करावे लागेल, हे त्याला पत्रकावरच, ठळक अक्षरांत कळले पाहिजे. फेरीगणिक बदललेले प्रश्न, बदललेली वयोमर्यादा (पहिल्या फेरीत 13 ते 49, नंतर 15 ते 49), विवाहितांपुरती मर्यादा कधी सुटली, कोणत्या शहरांत झोपडपट्टी वेगळी मोजली (तिसऱ्या फेरीत मुंबई आणि नागपूर धरून आठ शहरांत), हे सारे एका ठिकाणी, शोधता येईल असे हवे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने आयपीयूएमएस-डीएचएस या प्रकल्पात निरनिराळ्या देशांच्या आणि फेऱ्यांच्या फायलींतील रकाने एका नावाखाली आणून, प्रत्येक रकान्याखाली त्या त्या फेरीतला मूळ प्रश्न ठेवला आहे. भारताच्या फेऱ्याही त्यात आहेत. काम उत्तम आहे. ते देवनारला व्हायला हवे होते, असे म्हणताना त्या विद्यापीठाचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही.

हा मुद्दा 2025 मध्ये एकाएकी तातडीचा झाला. अमेरिकी सरकारने परदेशी साहाय्याचा फेरआढावा सुरू केला आणि फेब्रुवारीत डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे कार्यक्रम थांबला. नव्वदहून अधिक देशांच्या सर्वेक्षणांच्या फायली जिथून मिळत, तिथे नवे अर्ज पाहायला कुणी उरले नाही. पुढे परोपकारी निधीच्या आधाराने काही काम पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात भारतातल्या स्त्रियांनी भारतातल्या घरांत दिलेली उत्तरे मागायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला परक्या देशातल्या बंद दाराशी थांबावे लागले. तीस वर्षे त्या व्यवस्थेने चोख काम केले आणि आपण निश्चिंत राहिलो. आपली स्वतःची तेवढीच सुलभ वाट तयार ठेवण्याची गरज कुणाला तीव्रतेने वाटली नाही. समान साचा स्वीकारणे शहाणपणाचे होते, पण साठवण आणि वितरण दुसऱ्यावर सोपवून विसरून जाणे तेवढे शहाणपणाचे नव्हते. साचा सामाईक असावा, प्रती मात्र अनेक ठिकाणी असाव्यात.

संस्थेला हे जमत नाही असे मुळीच नाही. 45 वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून 72,250 लोकांना घेऊन 2017-18 मध्ये झालेल्या वृद्धांविषयीच्या दीर्घकालीन अभ्यासाची, म्हणजे ‘लासी’ची, पहिली फेरी संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांसोबत केली आणि तिच्या फायली स्वतःच्या डेटा केंद्रातूनही दिल्या. अमेरिका, युरोप, चीन येथील अशाच अभ्यासांशी जुळणारे रकाने असलेली आवृत्तीही तयार झाली. म्हणजे घरची साठवण आणि जगाशी जुळणी ही दोन्ही कामे एका वेळी करता येतात, हे देवनारने करून दाखवले आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सर्व फेऱ्या आणि 1998 पासूनच्या जिल्हास्तरीय कुटुंब सर्वेक्षणांच्या फायली यांना हीच वागणूक मिळाली पाहिजे: सगळ्या फायली एका दाराने, अर्जावर ठरावीक दिवसांत निर्णय, प्रत्येक फाइलला कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे निबंधात तो दिला की वाचकाला नेमकी तीच आवृत्ती सापडेल. रकान्यांची सूची मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही हवी. प्रश्न विचारले गेले ते या भाषांतच. त्या भाषांतल्या प्रश्नावल्या संस्थेकडे तयार आहेत. गडचिरोलीचा आरोग्य अधिकारी किंवा नंदुरबारचा पत्रकार यांना रकान्याचा अर्थ त्या भाषेत मिळाला, तर पत्रकावरच्या एका टक्केवारीपाशी थांबण्याचे त्यांना कारण राहणार नाही. यासाठी नवे सर्वेक्षण नको, फारसा खर्चही नको. ग्रंथपालाची नजर असलेली पाच-सात माणसे कायमस्वरूपी नेमावी लागतील, आणि अहवालाच्या अंदाजपत्रकात त्यांच्या पगाराची ओळ पहिल्या दिवसापासून धरावी लागेल.